दुकानाला कुलूप लावण्याआधी दवाखान्याची वाट

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत दारूची दुकानं बंद होती. त्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी इथे सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा मृत्यू झाला. मजुरी करणारी, हातावर पोट असलेली माणसं होती ती. बातमी राज्यभर छापून आली आणि करोनाच्या आकड्यांखाली दबून गेली. ‘कसली ही तलफ’ असं म्हणून अनेकांनी ती बाजूला सारली. जिल्ह्यातल्या प्रत्येक सरपंचाने, नगरसेवकाने आणि आशाताईने मात्र ती पुन्हा काढून नीट वाचावी. दारूची वाट एका आदेशाने बंद झाली होती, पण उपचाराची वाट त्या सात जणांपर्यंत पोचलेली नव्हती.

यवतमाळच्या बायकांनी दारूविरुद्ध दिलेला लढा मोठा आहे. ‘स्वामिनी’ अभियानाच्या झेंड्याखाली त्यांनी जिल्ह्यात दारूबंदीसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने उठवली. जिल्ह्यात दारूबंदी हवी की नको, हा निर्णय मंत्रालयात होतो. पण गावाच्या आणि शहराच्या पातळीवर आज, आहे त्या कायद्यात, आहे त्या निधीत बरंच काही करता येतं. हा लेख त्याबद्दल आहे. त्याचं सूत्र एकच: दारू, गांजा, गोळ्या यांचा पुरवठा आवळायचा आणि व्यसनी माणसाला उपचारापर्यंत न्यायचं, ही दोन्ही कामं एकाच ठरावात आणि एकाच वेळी करायची. यातलं एकच काम केलं, तर त्याची किंमत सर्वांत गरीब घर मोजतं.

आधी हे मान्य करा : हा आजार आहे

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यातल्या ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूमुळे झालेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. त्याच सर्वेक्षणातला सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र पुढचा आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळाले होते. क्षयरोगाच्या ३८ रुग्णांपैकी ३७ जण औषधाविना गावात फिरत असते, तर आपण गप्प बसलो असतो का?

रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेतो. ती तोलण्यासाठी मज्जासंस्था स्वतःला कायम चढ्या स्थितीत ठेवते. दारू एकदम थांबली की गुंगी जाते, चढलेली मज्जासंस्था तशीच राहते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, छाती धडधडते. अशा वेळी माणूस मजेसाठी पीत नाही, तो त्रास थांबवण्यासाठी पितो. सकाळी उठल्याउठल्या ‘हात स्थिर व्हायला’ पव्वा लागणारा माणूस याच अवस्थेत असतो. ‘मनावर घेतलं तर सुटते’ हे वाक्य त्याच्यासाठी निरुपयोगी आहे, आणि कधीकधी जीवघेणंही.

कायदाही हेच मानतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या अवस्थांचा समावेश आहे. म्हणजे सरकारी यंत्रणेकडून उपचार मिळणं हा व्यसनी माणसाचा हक्क आहे, आणि त्याला साखळीने बांधून ठेवणं गुन्हा आहे. म्हणून ग्रामसभेत पहिला बदल भाषेचा करा. इतिवृत्तात ‘दारुडे’, ‘बेवडे’ असे शब्द लिहू नका, ‘उपचाराची गरज असलेले ग्रामस्थ’ असं लिहा. ज्याला चारचौघांत बेवडा म्हटलं जातं, तो आरोग्य केंद्राची पायरी चढत नाही.

गावाची मोजणी, नावं न फोडता

कोणत्याही आरोग्य कार्यक्रमाची सुरुवात मोजणीने होते. त्यासाठी नवा सर्व्हे लागत नाही. रक्तदाब, मधुमेह, कर्करोग यांच्या तपासणीसाठी आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरतात. त्यात तंबाखू आणि दारूबद्दल प्रश्न आहेत. बहुतेक गावांत हे फॉर्म आरोग्य उपकेंद्रात पडून असतात. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला विनंती करा की त्यांतली फक्त संख्या काढून द्यावी: किती जण रोज पितात, किती जण तंबाखू किंवा खर्रा खातात, कोणत्या वयाचे. नाव विचारू नका आणि कुणी सांगितलं तरी लिहून घेऊ नका. ज्या दिवशी गावात नावांची यादी फिरेल, त्या दिवसापासून आशाताईंना कुणी खरं सांगणार नाही.

या आकड्यांना आणखी तीन गोष्टी जोडा. गावात आणि आसपास परवानाधारक दुकानं किती, हातभट्टीचे अड्डे कोणत्या भागात, आणि मागच्या वर्षी दारूमुळे झालेले अपघात, मारहाणी, आत्महत्यांचे प्रयत्न किती. शेवटची माहिती पोलीस पाटील देऊ शकतात. हे एका पानावर मावतं आणि दरवर्षी त्याच पानाशी तुलना करता येते.

मोजणीची वेळही विचाराने ठरवा. कापूस विकून दिवाळीच्या सुमारास हातात पैसा येतो, तेव्हा आणि पोळ्याच्या करीला दारू वाढते, हे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. एकदा मोजणी पावसाळ्याच्या तोंडाला करा, दुसरी दिवाळीनंतर. फरक आपोआप दिसेल.

उपचाराची वाट कागदावर काढा

‘व्यसनमुक्ती केंद्रात टाका’ हा सल्ला सगळे देतात. कोणत्या केंद्रात, कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, हे कुणी सांगत नाही. ग्रामपंचायतीने ते सांगावं.

पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथले वैद्यकीय अधिकारी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी वापरू शकतात. त्यात ८ किंवा अधिक गुण आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर आहे. २० किंवा अधिक आले तर माणूस बहुधा दारूच्या पूर्ण आहारी गेला आहे. कमी गुण असलेल्या अनेकांना डॉक्टरांनी पाच-दहा मिनिटं शांतपणे बोलणं, पुन्हा बोलावणं, एवढ्यानेही फरक पडतो. सगळ्यांनाच भरती करावं लागत नाही.

दुसरी पायरी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक. मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि परिचारिका यांच्या भेटी तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या असतात. पुसद, दारव्हा, पांढरकवडा इथल्या उपजिल्हा रुग्णालयांत किंवा तुमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ते कधी येतात, ही तारीख विचारून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पामुळे इथल्या आशाताईंना मनाच्या आजाराबद्दल घरोघरी बोलण्याची सवय आहे. ती इथे कामी येते, कारण दारू आणि नैराश्य पुष्कळदा एकाच घरात असतात.

तिसरी पायरी यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. गंभीर रुग्णाला थेट तिथल्या मानसोपचार विभागात न्या. सोबत आधार कार्ड, जुने कागद आणि आधीच्या औषधांची पाकिटं ठेवा.

यासोबत तीन क्रमांक गावभर रंगवा. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेली-मानस १४४१६, इथे मराठीत आणि रात्रंदिवस बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६. तंबाखू सोडण्यासाठी १८००११२३५६. हे क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीपेक्षा पानटपरी, एसटी थांबा आणि जिनिंगच्या फाटकाशी जास्त उपयोगी पडतात.

खासगी केंद्र निवडताना चार प्रश्न विचारा. केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष किती वेळा येतात? घरच्यांना भेटू आणि बोलू देतात का? सुटी झाल्यावर पाठपुरावा कोण करतं? मारहाण, कोंडून ठेवणं, महिनोन्महिने फोन बंद असं जिथे असेल तिथे माणूस ठेवू नका. अनुदानित केंद्रांची माहिती यवतमाळच्या समाजकल्याण कार्यालयात मिळते. राज्याचं व्यसनमुक्ती धोरण २०११ पासून आहे, त्यामुळे ही माहिती मागणं तुमचा अधिकार आहे. चांगलं केंद्र कसं असतं हे समजून घ्यायचं असेल, तर पुण्याच्या मुक्तांगणचं काम पाहा. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या केंद्राने औषधासोबत सन्मान आणि सातत्याचा पाठपुरावा यांवर भर दिला.

अनेक घरं पोलिसांच्या भीतीने गप्प राहतात, विशेषतः मुलगा गांजा किंवा गोळ्या घेत असेल तर. त्यांना हे जरूर सांगा: अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ च्या कलम ६४-अ नुसार, केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात.

दारू अचानक तुटते तेव्हा

वणीच्या घटनेचा सगळ्यात जवळचा धडा इथे आहे. निवडणूक, सण, टाळेबंदी, छापा, यात्रेचा कोरडा दिवस, कोणत्याही कारणाने गावातली दारू एकदम बंद होणार असेल, तर आरोग्य विभागाला आधी कळवा. रोज भरपूर पिणाऱ्याने शेवटचा घोट घेतल्यावर साधारण असा क्रम असतो.

सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, बेचैनी. सहा ते अठ्ठेचाळीस तासांत काहींना फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, वेळ-ठिकाण कळत नाही, ताप येतो, माणूस अनावर होतो. ही शेवटची अवस्था प्राणघातक ठरू शकते. फिट आली, माणूस बरळू लागला किंवा ताप चढला, तर ‘बाधा झाली’ म्हणून थांबू नका. १०८ वर रुग्णवाहिकेसाठी फोन करा.

गावात बरेचदा ग्लुकोजचं सलाईन लावून माणसाला घरी पाठवतात. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व फार कमी असतं. ते न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांना तो किती वर्षांपासून आणि रोज किती पितो हे स्पष्ट सांगा, लपवू नका. दारू सोडवताना होणारा त्रास आवरणारी परिणामकारक औषधं आहेत आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस दिली जातात. ही औषधं दुकानातून स्वतः आणून देऊ नका. त्यांचंही व्यसन लागतं.

कुणी सॅनिटायझर, स्पिरिट, थिनर किंवा भलतीच दारू प्यायलं असेल, तर उलट्या, पोटदुखी, धाप आणि विशेषतः धूसर दिसणं ही धोक्याची खूण आहे. त्याला झोपवून ‘उतरेल’ म्हणून वाट पाहू नका. अशा विषबाधेत लवकर मिळालेला उपचार जीव आणि दृष्टी दोन्ही वाचवू शकतो. सोबतच्यांनी काय प्यायलं ते सांगावं, बाटली बरोबर न्यावी. पोलिसांच्या भीतीने उशीर केला तर माणूस हातचा जातो.

घरच्या बाईसाठी आणि माणसांसाठी

गुपचूप भाजीत मिसळून देण्याची ‘दारू सोडवणारी पावडर’ विकणारे प्रत्येक बाजारात असतात. दारू सोडवण्यासाठी वापरलं जाणारं डायसल्फिरम नावाचं औषध खरोखर आहे, पण ते घेतल्यावर दारू प्यायली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. ते फक्त रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यायचं असतं. काहीही लपवून देऊ नका.

कपाशीच्या पट्ट्यातल्या घरांत कीटकनाशकाचे डबे असतात. पिणारा माणूस आणि उघड्यावर ठेवलेलं विष एकाच घरात नको. डबे कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या, आणि ‘मरतो’ असं बोलणाऱ्याचं बोलणं कधी नाटक समजू नका. मारहाण होत असेल तर १८१ या महिला मदतवाहिनीवर किंवा ११२ वर फोन करा. आजार आहे म्हणून मार सहन करावा, असं कोणताही डॉक्टर सांगणार नाही. पिऊन आलेल्याशी रात्री भांडण उकरू नका. सकाळी, शुद्धीत असताना, दोन वाक्यांत बोला: ‘तुमची तब्येत बिघडते आहे. मंगळवारी साहेब येतात, मी सोबत येते.’ तारीख आणि सोबत, या दोन गोष्टी बोलण्यात असल्या की माणूस जाण्याची शक्यता वाढते.

मग दुकान आणि हातभट्टी

उपचाराची वाट तयार असेल, तर आता पुरवठ्याकडे वळा. कायद्याची हत्यारं ग्रामसभेकडे आहेत, ती वापरण्याचा क्रम कळला पाहिजे.

परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी २००८ च्या राज्य आदेशाची वाट आहे. लोक तिला ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणून ओळखतात. गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांसह मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. झालेल्या मतदानाचा निम्मा भाग पुरत नाही, हे सगळ्यांत आधी समजून घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत मतदान आलं तर बायका शेतात असतात आणि मोहीम हरते. सहीच्या वेळी प्रत्येकीचं नाव मतदार यादीशी जुळवा. स्थलांतरित आणि मयत नावांची दुरुस्ती निवडणूक शाखेकडून आधीच करून घ्या. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या बायकांना आणण्याची जबाबदारी बचत गटांत वाटून घ्या.

केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांतली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे पेसा कायदा १९९६ आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू होतात. मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा, नियंत्रण ठेवण्याचा अधिकार तिथल्या ग्रामसभेला आहे. कोलाम आणि गोंड समाजांत मोहाला पूजेत स्थान आहे. हा मान ठेवून ग्रामसभेने रीतीचा वापर आणि बाहेरून येऊन चालणारा धंदा यांच्यात स्पष्ट रेघ ओढावी. बाहेरच्या माणसाने येऊन ठरवण्यापेक्षा पाड्यातल्या पंचांनी आणि बायकांनी ठरवलेला नियम जास्त टिकतो.

हातभट्टी आणि विनापरवाना विक्रीसाठी महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमात ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे. ग्रामसभेच्या ठरावाने दल स्थापन होतं. त्याचं काम खबर देणं, पंचनाम्याच्या वेळी हजर राहणं आणि कारवाईचा पाठपुरावा करणं. मारहाण किंवा स्वतः छापे घालणं दलाने करू नये. सडवा फेकला आणि भट्टी फोडली तरी ती महिन्याभरात पुन्हा पेटते, हे सगळ्यांना माहीत आहे. कारण भट्टीमागे बहुधा एक घर असतं, आणि पुष्कळदा एकटी बाई. त्या घराला रोजगार हमीचं काम, ‘उमेद’चा बचत गट, शेळीपालनाचं कर्ज यापैकी काय देता येईल, याचा निर्णय त्याच ग्रामसभेत घ्या.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने, शासन आणि टाटा ट्रस्टच्या सहभागाने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ चालतं. दारूबंदी आधीच असलेल्या जिल्ह्यातही त्यांनी गावोगावच्या समित्यांबरोबर तालुक्यात व्यसन उपचाराचे दवाखाने आणि गावात शिबिरं घेतली. यवतमाळच्या कार्यकर्त्यांनी तिथे जाऊन एक तालुका बघावा, आपल्याला लागणारी पद्धत तिथे तयार मिळते.

मुलं, खर्रा आणि मेडिकल

विदर्भात व्यसनाची सुरुवात बहुधा खर्र्यापासून होते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिला की थोड्या पैशांत काम होतं, आणि शाळेतली मुलंही तो घेतात. एम्सच्या त्याच सर्वेक्षणात एक नोंद धक्का देणारी आहे. सोल्यूशन, व्हाइटनर, पेट्रोल यांसारखे हुंगायचे पदार्थ हा एकच प्रकार असा आहे, जो मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळला: १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के.

शाळा व्यवस्थापन समितीने तीन गोष्टी कराव्यात. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री २००३ च्या कायद्याने बंद आहे. ती रेघ प्रत्यक्ष मोजून रंगवा आणि टपरीवाल्याला जागा बदलायला मुदत द्या. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, हे दुकानदारांच्या बैठकीत वाचून दाखवा. आणि मुलाच्या दप्तरात काही सापडलं तर शाळेतून काढू नका. काढलेलं मूल टपरीवर जातं. १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीला फोन करा आणि समुपदेशकाशी जोडून द्या.

झोपेच्या आणि दुखण्यावरच्या काही गोळ्या चिठ्ठीशिवाय देणाऱ्या मेडिकलची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. गांजा किंवा इतर अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती नाव गुप्त ठेवून १९३३ या क्रमांकावर देता येते.

मनाईपेक्षा जास्त काम मोकळ्या वेळाची सोय करते, हे आइसलँडने दाखवलं. तिथल्या नगरपालिकांनी शाळा आणि पालकांच्या मदतीने खेळ, संगीत, रात्री घरी परतण्याच्या वेळा यांवर वर्षानुवर्षे काम केलं. मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचं प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होतं, २०१६ मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं. दिग्रस किंवा उमरखेडच्या नगर परिषदेला आइसलँडचा पैसा नाही. पण संध्याकाळी सात ते नऊ उजेड असलेलं मैदान, कबड्डी-व्हॉलीबॉलचं सामान आणि देखरेखीला एक शिक्षक, एवढं त्यांच्या आवाक्यात आहे.

परत आलेला माणूस

उपचार घेऊन गावी आलेला माणूस त्याच पारावर, त्याच मित्रांत, त्याच रिकाम्या हातांनी परततो. पुन्हा पिण्याचा धोका सुरुवातीच्या महिन्यांत सर्वाधिक असतो. एकदा घसरला म्हणजे उपचार फुकट गेले असं समजू नका. मधुमेहाच्या रुग्णाची साखर पुन्हा वाढली तर आपण औषध बदलतो, त्याला गावातून टाकत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत त्याला मजुरी रोख हातात न देता बायकोच्या किंवा आईच्या खात्यावर देण्याबद्दल त्याच्या संमतीने ठरवा. आठवड्यातून एकदा आशाताईंनी घरी जावं. गावात दोन-तीन जण दारू सोडलेले असतील, तर त्यांचा गट आठवड्यातून एकदा ग्रामपंचायतीच्या खोलीत बसू द्या, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या पद्धतीने. ज्याने स्वतः सोडली त्याचं बोलणं सगळ्यात लवकर पटतं. लग्न, तेरवी, निवडणूक, गावजेवण यांत दारू न पाजण्याचा ठराव गावाने केला, तर या माणसांना सर्वांत मोठी मदत होते.

पैसा आणि जबाबदारी

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला दरवर्षी अबंधित निधी मिळतो. त्यातून रुग्णाला जिल्हा रुग्णालयात नेण्याचा प्रवासखर्च, फलक, बैठका हे भागवता येतं. ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात आरोग्यदायी गाव या विषयाखाली व्यसन उपचाराचा मुद्दा स्वतंत्र ओळीत घाला. आराखड्यात नाव नसलेल्या कामाला पैसा मिळत नाही. नगर परिषदांनी आपल्या दवाखान्यांत आठवड्यातून एक दिवस समुपदेशक बसवावा, विशेषतः सफाई कामगार, हमाल, बांधकाम मजूर यांच्या सुटीच्या वेळेत.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अमली पदार्थांविषयीची जिल्हास्तरीय समन्वय समिती असते. जप्तीसोबत उपचाराचे आकडेही तिच्यापुढे यावेत, अशी मागणी जिल्हा परिषद सदस्यांनी लावून धरावी: किती रुग्ण आले, किती तीन महिन्यांनंतरही उपचारात आहेत, कोणत्या तालुक्यातून कुणीच आलं नाही. कुणीच न आलेल्या तालुक्यात व्यसन नाही असं होत नाही. तिथे उपचाराची वाट पोचलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ठरावाचा मसुदा

येत्या ग्रामसभेत, आणि त्याआधीच्या महिला ग्रामसभेत, पुढचा ठराव मांडता येईल. तुमच्या गावाप्रमाणे तो बदला.

‘ही ग्रामसभा ठरवते की, (१) दारू, तंबाखू व अमली पदार्थांचं व्यसन हा आरोग्याचा प्रश्न मानून उपचाराची गरज असलेल्या ग्रामस्थांची केवळ संख्या दर सहा महिन्यांनी सभेपुढे ठेवण्यात यावी व कोणाचंही नाव जाहीर करण्यात येऊ नये. (२) प्राथमिक आरोग्य केंद्र व जिल्हा मानसिक आरोग्य पथकाच्या भेटीच्या तारखा दर महिन्याला फलकावर लिहिण्यात याव्यात आणि जाण्यायेण्याचा खर्च समितीच्या निधीतून देण्यात यावा. (३) दुकान किंवा विक्री बंद होण्याच्या किमान दोन आठवडे आधी आरोग्य विभागास लेखी कळवण्यात यावं. (४) विनापरवाना विक्रीविरुद्ध ग्रामरक्षक दल स्थापन करण्यात यावं आणि विक्री सोडणाऱ्या कुटुंबास रोजगाराच्या योजनांत प्राधान्य देण्यात यावं. (५) शाळेच्या शंभर यार्डांची हद्द एका महिन्यात आखण्यात यावी.’

ठरावाची प्रत गटविकास अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, पोलीस ठाणे आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग अशा चौघांना द्या, आणि चारही पोचपावत्या दप्तरात ठेवा. सहा महिन्यांनी सभेत सरपंचाला दोन प्रश्न विचारा: किती बाटल्या पकडल्या, आणि किती माणसं दवाखान्यात पोचली? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्या गावाला देता येईल, तिथे दुकान बंद झालं तरी कुणी सॅनिटायझरच्या बाटलीकडे वळण्याआधी त्याला दवाखान्यात नेणारं माणूस असेल.